घडीचा स्वस्त चाकू घेताना काय तपासावं?

प्रश्न नागपूरचा आहे: इतवारीत किंवा सीताबर्डीवर ४००-५०० रुपयांचा घडीचा चाकू घेताना तो रोजच्या कामाचा आहे हे कसं ओळखायचं?

आधी लॉक (उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारा खटका), धार नंतर. पातं पूर्ण उघडा, बोटं घडीच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबा. लॉक सरकलं तर चाकू परत द्या. अशी पाती बोटांवरच मिटतात. आपटून मात्र बघू नका, चांगलं लॉकही त्यानं बिघडतं.

पातं आडवं हललं तर खिळीचा (पातं जिच्याभोवती फिरतं ती) स्क्रू थोडासाच आवळा. जास्त आवळला की पातं जड उघडतं. स्क्रूऐवजी रिव्हेट (ठोकून पक्का केलेला खिळा) असेल तर हा ढिलेपणा सहज जात नाही, म्हणून स्क्रूवालाच घ्या.

धारेसाठी वर्तमानपत्र कापा, मग खोक्याचा पुठ्ठा वीसेक वेळा, पुन्हा वर्तमानपत्र. आता कागद फाटत असेल तर पोलाद मऊ आहे किंवा कारखान्याची धार कच्ची आहे. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा) दगडावर पातं साधारण २० अंशांत तिरकं धरून धार लावा आणि पुन्हा बघा.

संत्रं कापल्यावर चाकू लगेच धुऊन पुसा. आंबट रस खिळीत वाळला की तिथूनच गंज धरतो. खिळीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.