रक्तदानाची रील: पैसे कुठे मुरले?

प्रश्न: आमचं मंडळ दर मे महिन्यात रक्तदान शिबिर घेतं. येतात ते सगळे चाळिशीपुढचे. यंदा इन्स्टाग्रामवर रील टाकून दोन हजार रुपयांना बूस्ट केली. व्ह्यूज हजारोंनी आले, कॉलेजची मुलं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रील आणि सेटिंगचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.
– मंडळाचे सचिव, कळवा

उत्तर: सचिवसाहेब, रील पाहिली. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग कमान. रक्ताचा विषय निघेपर्यंत माझाच अंगठा पुढे सरकला होता. स्टेशनबाहेरचा शुभेच्छुकांचा फ्लेक्सच तुम्ही मोबाइलवर टांगलात! अध्यक्षांचा फोटो हवाच असेल तर ते रक्त देत असतानाचा टाका. यूट्यूबवर स्किपचं बटण निदान ५ सेकंदांनी येतं, रीलवर तेवढीही सवड मिळत नाही. आणि मजकूर मोठ्या अक्षरांत हवा, कारण लोकलमध्ये बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

‘रक्तदान श्रेष्ठदान’ हे मुलांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेलं असतं. त्यांच्या शंका वेगळ्याच असतात. टॅटू काढलाय, चालेल का? (काढल्यापासून १२ महिने थांबावं लागतं.) वजन किती लागतं? किमान ४५ किलो. हिमोग्लोबिन? १२.५. इथे बऱ्याच मुली अडतात, आणि रांगेत उभं राहून परत पाठवलेली मुलगी पुन्हा फिरकत नाही. हे आधीच सांगा, पण अपमान न वाटेल अशा शब्दांत. एका रीलमध्ये एकच शंका घ्या, आणि बोलायला मंडळातलाच विशीतला कुणी उभा करा. निवेदकाचा भारदस्त आवाज नको, कळव्याची बोली चालेल.

आता सेटिंग. तुम्ही अख्खा महाराष्ट्र निवडलाय. नागपूरच्या मुलाने लाइक केलं, त्याचा तुम्हाला काय उपयोग? कळवा, ठाणे, मुंब्रा, ऐरोली एवढंच ठेवा. वय १८ ते २५. त्याखालच्यांना रक्त देताच येत नाही, शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही १८ खालच्यांना हेरून जाहिराती दाखवण्याच्या विरोधात आहे.

खरी गोम मात्र महिन्यात आहे. मे महिन्यात निम्मी मुलं गावी. आंबे सोडून कळव्याला कोण येतंय? कॉलेजं बंद म्हणूनच तेव्हा रक्ताचा तुटवडा पडतो, त्यामुळे मेचं शिबिर बंद करू नका. पण जाहिरातीचे पैसे जुलैसाठी राखा आणि तेव्हा दुसरं, छोटं शिबिर घ्या. कॉलेजं भरलेली असतात, पावसाळ्यात डेंग्यू वाढतो, आणि प्लेटलेट्स साठवून ठेवाव्यात तर जेमतेम ५ दिवस टिकतात.

व्ह्यूज मोजणं सोडा. जाहिरातीच्या बटणावरून मुलगा थेट मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर आला पाहिजे. आलेल्यांपैकी शिबिरात किती पोचले, तेवढंच वहीत लिहा. तो फोन मात्र रात्री अकराला उत्तर देणाऱ्या पोराकडे द्या. तुमच्याकडे ठेवलात तर सकाळी ‘शुभ प्रभात’ जाईल.