मर्लिनचे गुपित आणि आर्थरचा हक्क

बीबीसी वन या वाहिनीवर २० सप्टेंबर २००८ ते २४ डिसेंबर २०१२ या काळात पाच पर्वांत दाखवलेल्या ‘मर्लिन’ या मालिकेविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅमेलॉटच्या राज्यात जादू करणाऱ्याला देहदंड आहे, आणि तिथल्या राजपुत्राचा, म्हणजे आर्थरचा, नोकर मर्लिन हा जन्मजात जादूगार आहे. तो मालकाचा जीव पुन्हा पुन्हा वाचवतो, पण ते कोणाला सांगू शकत नाही. पत्रांतून निवडलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न: आर्थर मर्लिनला मूर्ख म्हणतो, हाताला येईल ती वस्तू फेकून मारतो, आणि पाहणारे त्याला मैत्री म्हणतात. हे मालकशाहीला दिलेले गोंडस नाव नाही काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तुमचा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. दोघांची पहिली भेटच मुळी एका नोकराच्या छळावरून होते. आर्थर त्या नोकराला निशाणाची फळी धरून पळायला लावतो आणि तिच्यावर सुरे फेकत राहतो. खेड्यातून नुकताच आलेला मर्लिन त्याला अडवतो आणि त्याबद्दल कोठडीत जातो. पुढे राजपुत्राचा जीव वाचवल्याचे बक्षीस म्हणून आर्थरचा बाप उथर राजा मर्लिनला त्याच्याच सेवेत नेमतो, आणि ते बक्षीस दोघांनाही नकोसे असते. ही फेकाफेकी विनोदाच्या अंगाने दाखवली आहे म्हणून तिच्यातली सत्ता नाहीशी होत नाही, कारण मर्लिनला उलट पेला फेकता येत नाही.

तरीही नाते तोलायचे तर आर्थरचे बोलणे आणि त्याची कृती वेगवेगळी धरावी लागेल. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात मर्लिन भर दरबारात आर्थरसाठी आलेला विषाचा पेला स्वतः पितो. त्यावर उतारा म्हणून लागणारे फूल आणण्यासाठी आर्थर बापाची आज्ञा मोडून जातो आणि परतल्यावर कैदेत पडतो. उथर ते फूल त्याच्या डोळ्यांदेखत चुरगळून जमिनीवर टाकतो. नंतर राजवाड्यातली दासी ग्वेन जेवण घेऊन येते, तेव्हा पहारेकऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आर्थर अन्नाला नावे ठेवतो आणि ताट परत न्यायला सांगतो. त्या ताटात ते फूल असते. उद्दाम मालकाची भाषा इथे त्याने एका नोकराचा जीव वाचवण्यासाठी आडोसा म्हणून वापरली आहे. माझ्या मते संपूर्ण पहिल्या पर्वात आर्थर असा कोण आहे हे याहून नेमके कुठेही दिसत नाही.

चौथ्या पर्वात मर्लिन काही काळ नसतो आणि त्याच्या जागी जॉर्ज नावाचा सेवक येतो, तोही भाग आठवून पाहावा. जॉर्ज वक्तशीर, नम्र आणि कामात निर्दोष आहे, आणि आर्थरला तो असह्य होतो. त्याला हवा आहे तो उलट उत्तर देणारा माणूस, कारण राजवाड्यात तसे उत्तर देणारा दुसरा कोणी नाही. यामुळे आर्थरच्या वागण्याचे समर्थन होत नाही. मात्र त्याला फक्त सेवा हवी होती, असेही मग म्हणता येत नाही.

प्रश्न: आमच्या मैत्रिणींत दोन तट पडले आहेत. मर्लिनने जादू लपवली ती जीव वाचवण्यासाठी, असे एकीचे म्हणणे. ज्याच्याशी वर्षानुवर्षे खोटे बोललो त्याला मित्र म्हणण्याचा हक्क उरत नाही, असे दुसरीचे. आपले मत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर: या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, असे मला वाटते. स्वतःविषयी काही न सांगणे ही एक गोष्ट, आणि समोरच्याने काय मानावे हे आपण घडवणे ही दुसरी.

पहिल्या गोष्टीबद्दल मर्लिनला दोष देता येणार नाही. तो कॅमेलॉटमध्ये पाऊल ठेवतो तेव्हा चौकात जादूच्या आरोपावरून एका माणसाचा शिरच्छेद होत असतो. ज्याच्या बापाचा हा कायदा आहे त्या राजपुत्रापुढे मन मोकळे करण्याची अपेक्षा नोकराकडून करणे अन्यायाचे आहे. शिवाय मर्लिन शेवटच्या भागात जे सांगतो तेही खरे आहे: आर्थरवर मित्र आणि कायदा यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आणायची नव्हती.

दुसऱ्या गोष्टीत मात्र मर्लिन मला निर्दोष वाटत नाही. दुसऱ्या पर्वाच्या आठव्या भागात मॉर्गोज ही जादूगारीण आर्थरला त्याच्या मृत आईची, इग्रेनची, भेट घडवते. आर्थरचा जन्म जादूच्या साहाय्याने झाला आणि त्याची किंमत म्हणून तिचा जीव गेला, हे सत्य त्याला तिच्याकडून कळते, आणि तो बापावर तलवार रोखतो. त्या क्षणी मर्लिन धावत येतो आणि ती भेट म्हणजे मॉर्गोजने रचलेला बनाव होता असे सांगतो. पितृहत्या टळते, त्यासाठी तो खोटे बोलला हे मी समजू शकते. पण त्या खोट्याचा परिणाम पाहा. जादूला सर्वांत मोठा आधार देणारी जी गोष्ट आर्थरच्या स्वतःच्या जन्मात होती, ती त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि जादू म्हणजे कपट हा त्याचा समज पक्का झाला. नंतर मर्लिनने ती दुरुस्ती कधीच केली नाही.

याहून गंभीर प्रसंग पाचव्या पर्वाच्या पाचव्या भागातला आहे. आर्थरचा तरुण शिलेदार मॉर्ड्रेड मरणाच्या दारात आहे, आणि राजाने जादूला मानणारा जुना धर्म स्वीकारला तर तो वाचेल असे डिसिर या तीन भविष्यवादिनी सांगतात. शेकोटीपाशी बसलेला आर्थर, जो आता राजा आहे, मर्लिनला सरळ विचारतो की आपण काय करावे, जादूला राज्यात स्थान द्यावे काय. ज्या प्रश्नाची मर्लिन पहिल्या भागापासून वाट पाहत होता, तो हा प्रश्न. मॉर्ड्रेडच्या हातून आर्थरचा मृत्यू होणार हे भाकीत ठाऊक असल्यामुळे मॉर्ड्रेड मरावा म्हणून मर्लिन उत्तर देतो की कॅमेलॉटमध्ये जादूला जागा असू शकत नाही. मर्लिनची भूमिका करणाऱ्या कॉलिन मॉर्गनने हे वाक्य डोळ्यांत पाणी आणून, जवळजवळ घशात अडकलेल्या आवाजात म्हटले आहे. आर्थर त्याचा सल्ला मानतो, डिसिरना नकार देतो, आणि परत येऊन पाहतो तर मॉर्ड्रेड जिवंत असतो; त्याचे वाचणे हीच राजाला झालेली शिक्षा असते.

आर्थर सत्तेने मोठा होता हे सर्वांना दिसते. पण माहिती सगळी मर्लिनकडे होती, आणि ज्याच्याकडे माहिती असते तो चिलखताचे पट्टे आवळणारा नोकर असला तरी राजाचे निर्णय त्याच्या हातात जातात. आर्थर आपल्या राज्यातील सर्वांत मोठ्या प्रश्नावर निर्णय देत होता आणि त्याला त्या प्रश्नाची निम्मी बाजू कधीच दाखवलेली नव्हती. विरुद्ध बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे: चौथ्या पर्वात उथरला वाचवण्यासाठी आर्थर एका म्हाताऱ्या जादूगाराकडे, म्हणजे वेषांतर केलेल्या मर्लिनकडेच, जातो आणि आपण राजा झाल्यावर जादूगारांचा छळ थांबेल असे वचनही देतो. आर्थरची सावत्र बहीण आणि वैरीण मॉर्गाना हिच्या तावीजामुळे तो उपाय उलटतो आणि उथर मरतो. तिथे मर्लिनचा काही इलाज नव्हता. पण ज्या माणसाने एकदा असे वचन दिले, त्याला शेकोटीपाशी खरे ऐकण्याचा हक्क होता, आणि या एका मुद्द्यावर मी तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीच्या बाजूने आहे.

प्रश्न: लान्सलॉट, एल्यन आणि पर्सिव्हल यांना सरदारघराण्यात जन्म नसताना आर्थर शूर शिलेदारांचा मान देतो, आणि लोहाराची मुलगी ग्वेन राणी होते. मग मर्लिनच तेवढा नोकर का राहतो? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तिसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात जुन्या पडक्या किल्ल्यातील गोल मेजाभोवती सगळे बसतात आणि एकेक जण आर्थरला साथ देण्याचे वचन देऊन उठतो. मर्लिन गमतीने नको म्हणतो आणि आर्थर त्याला पर्यायच नसल्याचे सांगतो. प्रेक्षक हसतात, पण इतरांची साथ विचारून घेतली जाते आणि मर्लिनची गृहीत धरली जाते, हे त्या हसण्यात निसटून जाते. कथेच्या सोयीसाठी तो नोकर राहणे आवश्यक होते, कारण नोकर राजाच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि तंबूत कुठेही वावरू शकतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण कथेतील आर्थरला ही सोय ठाऊक नव्हती. त्याने मर्लिनला कधी मनापासून विचारले नाही, ही त्याचीच उणीव आहे. जाता जाता एक गोष्ट: मध्ययुगीन कथांत मर्लिन हा आर्थरहून कितीतरी वडील असलेला भविष्यवेत्ता आणि सल्लागार आहे. त्याला आर्थरच्या वयाचा आणि त्याचा नोकर करणे ही या मालिकेची स्वतःची कल्पना आहे, आणि आपण करतो आहोत तो सगळा वाद तिच्यातूनच निघाला आहे.

प्रश्न: हे प्रेम आहे, असे मानणारे अनेक चाहते आहेत. ते ओढूनताणून लावलेला अर्थ काढतात, असे आपल्याला वाटते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही. मालिकेने ते प्रेम प्रणयाच्या स्वरूपात कधी दाखवले नाही, आणि आर्थरचे ग्वेनवरचे प्रेमही खरेच आहे. ते खोटे ठरवणारे चाहते माझ्या मते ग्वेनवर अन्याय करतात. पण दोघे एकमेकांसाठी विष प्यायला तयार होतात: पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात मर्लिन, आणि त्याच पर्वाच्या अकराव्या भागात समुद्रकिनाऱ्यावर, दोनपैकी एका पेल्यात विष असल्याच्या कसोटीत, मर्लिनचे लक्ष दुसरीकडे वेधून, आर्थर. अखेरच्या भागात सगळे कळल्यावर आर्थर आधी त्याला दूर लोटतो, आणि नंतर, तू कधीच बदलू नकोस, असाच राहा, असे सांगून आजवर कधी न उच्चारलेले आभार मानतो. एवढे पाहून कोणी त्याला प्रेम म्हटले तर तो शब्द त्यांनी बाहेरून आणलेला नाही. ते प्रेम कोणत्या प्रकारचे, यावर मालिकेने निर्णय दिलेला नाही, आणि तो चाहत्यांत एकमताने झाला नाही तरी कोणाचे पाहणे चुकले असे होत नाही.