‘यहोवा’ आणि ‘परमेश्वर’

पुण्यातल्या एका वाचकाने विचारले आहे की, आजीच्या मराठी बायबलमध्ये जिथे ‘यहोवा’ आहे तिथे नव्या प्रतीत ‘परमेश्वर’ आहे. देवाचे नावच बदलत असेल, तर बाकीच्या मजकुरावर भरवसा कसा ठेवायचा?

मूळ हिब्रू मजकुरात हे नाव जसेच्या तसे आहे. योद, हे, वाव, हे अशा चार व्यंजनांनी लिहिलेले हे नाव जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, ६,८०० हून अधिक वेळा येते. मात्र आदरापोटी यहुदी लोक ते उच्चारत नाहीत, त्याजागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, असे वाचतात, आणि पुण्या-मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाचीही प्रार्थनेतली रीत हीच आहे. नवऱ्याचे नाव न घेता ‘इकडून’ म्हणण्याची आपल्याकडची जुनी चाल आठवली, म्हणजे लिहिलेले नाव आणि वाचलेले नाव वेगळे का, हे सहज उमगते. पुढे हिब्रू मजकूर काटेकोरपणे जपणाऱ्या यहुदी पंडितांनी, म्हणजे मसोरा पंडितांनी, व्यंजनांना स्वरचिन्हे दिली, तेव्हा या नावाला ‘अदोनाय’ची चिन्हे लावण्याचा प्रघात पडला, ती अक्षरे आणि ते स्वर एकत्र वाचल्यामुळे ‘यहोवा’ हे रूप तयार झाले. मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा आजीच्या प्रतीतले रूप जुने असले, तरी तोच मूळ उच्चार असे समजू नये.

‘परमेश्वर’ हा वाचनपरंपरेला धरून केलेला पर्याय आहे आणि मला तो मान्य आहे, पण एका ठिकाणी तो अपुरा पडतो. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकात (६:३) देव मोशेला सांगतो की, अब्राहामाला मी सर्वसमर्थ देव म्हणून दर्शन दिले, पण या नावाने मी त्याला प्रकट झालो नव्हतो. तिथे विशेषनामच हवे; निदान तळटीप तरी हवीच.

भरवशाचा प्रश्न हस्तलिखितांचा आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांपैकी यशया या जुन्या करारातल्या ग्रंथाची मोठी गुंडाळी मसोरा परंपरेच्या संपूर्ण हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षे जुनी आहे. तिच्यात पाठभेद पुष्कळ असले, तरी ग्रंथ ओळखीचा तोच आहे. यावरून मजकूर जपला गेला एवढे ठरते. तो खरा मानायचा की नाही, हा श्रद्धेचा विषय. नव्या कराराच्या उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांत मात्र ही चार अक्षरे कुठेच नाहीत, तिथे ‘किरियोस’, म्हणजे ‘प्रभू’, आहे. म्हणून एखाद्या भाषांतराच्या नव्या करारात ‘यहोवा’ दिसले, तर ते भाषांतरकाराने घातलेले आहे असे समजावे.