विसाच्या पटीतले गणित

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. अध्यापक प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला आहे, पण तो घ्यावा की नाही हे तुझे ठरत नाही, कारण समाजातली वडीलधारी माणसे तुझे बोलणे ऐकून हसतात आणि स्वतःच्याच भाषेत अडखळण्याची तुला लाज वाटते. म्हणून आधी दोन वर्षे व्याकरण शिकून भाषा ‘पक्की’ करायची आणि मगच मुलांसमोर उभे राहायचे, असा बेत तू आखला आहेस. तो वाचून मला रागच आला. त्यातला तुझ्यावरचा किती आणि माझ्या स्वतःवरचा किती, हे मला अजून सांगता येत नाही.

तुझी भाषा का टिकली पाहिजे, हे तुला माझ्याहून जास्त कळते. त्यावर मी शाई खर्च करणार नाही. मला एकच सांगायचे आहे: भाषा हा विषय म्हणून शिकवू नकोस, भाषेतून विषय शिकव. आठवड्याला दोन तासिका, फळ्यावर प्राण्यांची आणि रंगांची नावे, समारंभात एखादे गाणे, एवढ्यावर जी भाषा शाळेत आणली जाते ती मुलांच्या लेखी चित्रकलेच्या तासासारखी होते, आणि गणित, विज्ञान, भांडण, माफी, शिक्षकाचे रागावणे हे सारे दुसऱ्याच भाषेत चालू राहते. मुले हुशार असतात. कोणत्या भाषेत खरे काम चालते, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळते.

आता माझी गोष्ट ऐक. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका प्रशिक्षण संस्थेत सराव पाठांचे निरीक्षण करीत होतो. एका छात्राध्यापिकेने पहिलीच्या वर्गात आपल्या भाषेत मोजणी घेतली. तिच्या भाषेत, तुझ्यासारखीच, विसाच्या पटीने मोजतात. मुले जमिनीवर बसून एकमेकांच्या हातापायांची बोटे धरून मोजत होती, कोणाचे बोट दोनदा मोजले गेले म्हणून वाद चालला होता, आणि वर्गात प्रचंड गोंगाट होता. मी तिच्या टाचणवहीत शेरा लिहिला: ‘पाठ्यपुस्तकाशी सुसंगत नाही. वर्गनियंत्रण कमी.’ दुसऱ्या दिवशी तिने तोच घटक राज्यभाषेत घेतला. वर्ग अगदी शांत होता आणि मी तिला उत्तम गुण दिले. पुढे ती शिस्तीची शिक्षिका म्हणून नावाजली गेली, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिने वर्गात आपल्या भाषेत पुन्हा कधी मोजले नाही.

मला तिची भाषा येत नव्हती, निरीक्षणाचे नमुने राज्यभाषेत छापलेले होते, वरून तपासणी होत असे. मग मी दुसरे काय करणार होतो, असे मी स्वतःला आजवर अनेकदा विचारले आहे. हे कारण खोटे नाही, पण पुरेसेही नाही. मागच्या बाकावर तिच्याच गावची एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती आणि पाठभर हसत होती. ती का हसते आहे, एवढे तरी मला तिला विचारता आले असते.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या काक्टोविक या खेड्यातल्या शाळेत १९९४ साली जे घडले, ते वाचल्यावर मला त्या शेऱ्याची खरी किंमत कळली. तिथल्या लोकांच्या इनुपिआक भाषेतही विसाच्या पटीने मोजतात. पाचाच्या शब्दात हात दडलेला आहे आणि विसाच्या शब्दात अख्खा माणूस. दशमान अंकांत ही मोजणी नीट बसेना, तेव्हा मुलांनी शिक्षकाच्या मदतीने शून्य ते एकोणीसपर्यंतची नवी अंकचिन्हे तयार केली, ज्यांत एककाच्या रेघा खाली आणि पाचाच्या रेघा वर येतात. २०२२ साली ती चिन्हे युनिकोडमध्येही आली. आमच्या वर्गातही त्या दिवशी असेच काही सुरू झाले असते की नाही, कोण जाणे. मी त्याला गोंगाट म्हटले. आमच्या त्या वर्गात त्या दिवशी कोणी ‘भाषा’ शिकवत नव्हते, गणित चालले होते, हे लक्षात घे. म्हणूनच म्हणतो, भाषेतून विषय शिकव.

आता तुझ्या अडखळण्याविषयी. फिनलंडमध्ये इनारी सामी ही काहीशे लोकांची भाषा आहे. तिथे १९९७ साली लहान मुलांसाठी ‘भाषेचे घरटे’, म्हणजे दिवसभर तीच भाषा बोलली जाणारी बालवाडी, सुरू झाले, पण मुलांचे आईबाप ज्या पिढीतले, तिच्यात भाषा बोलणारे फारसे उरलेच नव्हते. मग शिक्षक आणायचे कोठून? २००९-१० मध्ये सतरा प्रौढांनी एक वर्ष पूर्णवेळ भाषा शिकण्यात घालवले, आणि त्यातला काही काळ वृद्धांच्या घरी, त्यांच्या रोजच्या कामांत हात घालून, त्यांच्याशी बोलण्यात गेला. एक वर्ष, मित्रा! व्याकरण पक्के होण्याची वाट पाहिली असती तर त्या वृद्धांतले कितीजण हाती लागले असते? न्यूझीलंडमध्येही १९८२ पासून माओरी घरट्यांतून मुले भाषा बोलत बाहेर पडू लागली, आणि पुढच्या शाळेत त्यांना त्याच भाषेत शिकवू शकणारे शिक्षक पुरेसे नव्हते. मुले तयार आणि शिक्षक घरी बसून क्रियापदे पाठ करतो आहे, हे चित्र मला सहन होत नाही.

म्हातारी माणसे हसतात म्हणतोस. हसू देत. हसून झाल्यावर ती बरोबर शब्द सांगतात की नाही, एवढेच पाहा. सांगत असतील तर तुझे प्रशिक्षण केव्हाच सुरू झाले आहे. अशा एका माणसाला वर्गात आणण्याची परवानगी माग. मात्र त्यांना ‘मदतनीस’ म्हणून चहावर बोळवू नकोस. तुझ्याकडे प्रमाणपत्र असेल, त्यांच्याकडे भाषा आहे, आणि त्या भाषेला मानधन मिळावे यासाठी पहिल्याच बैठकीत भांडायचे धैर्य तुझ्यात नसेल तर पुढे येणार नाही. माझ्यात आले नाही. पाठाचे टाचणही तुझ्याच भाषेत लिही. निरीक्षकाला ते वाचता येत नसेल तर त्याच्यासाठी चार ओळींचा गोषवारा जोड, पण मूळ टाचण बदलू नकोस, आणि शेरा वाईट आला तरी दुसऱ्या दिवशी तोच पाठ तसाच घे. गोंगाट होऊ दे.

प्रवेश घे. व्याकरणाचे पुस्तक उशाशी ठेव, रात्री वाच. आणि पुढच्या पत्रात तुमच्याकडे पन्नास कसे म्हणतात ते मला कळव, दोन विसा आणि दहा असे की आणखी काही. शब्दकोशात पाहू नकोस, आजीला विचारून लिही.

तुझा,
एक जुना निरीक्षक