पाटी कोण लिहिणार?

प्रश्न : मी डहाणू तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. आम्ही वारली. मुलीला बारावी कला शाखेत ७१ टक्के मिळाले. ती म्हणते, म्युझियमचं शिक्षण घेणार. मी म्हणतो, पदवी घे आणि तलाठी भरतीला बस, पेसातल्या, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या राखीव जागा निघतात. माझी आई आजही भिंतीवर लग्नाचा चौक लिहिते, तिला कोणी पगार देतं का? म्युझियममध्ये आमचीच माणसं काचेत उभी केलेली असतात. ही तिथे काय करणार, तिकिटं फाडणार? तिला तुम्ही समजवा.
– एक पालक

गुरुजी, नमस्कार.

तुमचं तीन पानी पत्र वर चार ओळींत आटोपलं आहे, रागावू नका. त्या तीन पानांत टक्के आहेत, जातवैधता प्रमाणपत्र कधी मिळालं तेही आहे. मुलीचं वाक्य मात्र एकही नाही. हे तिच्या मनात कुठून आलं, विचारलंत कधी?

मी अडकलो ते तिसऱ्या पानावर. शहरातल्या शाळेवर होता तेव्हा पोरांची सहल घेऊन तुम्ही एका संग्रहालयात गेलात. काचेमागे लंगोटीतला, तारपा वाजवणारा पुतळा. एक पोरगा ओरडला, “गुरुजी, हा तुमच्यासारखा दिसतो!” सगळी हसली. तुम्हीही हसलात, आणि घरी हे आजवर कोणाला सांगितलं नाहीत. मग तलाठ्याचं राहू द्या जरा बाजूला. तुम्ही लेकीला त्या काचेपासून लांब ठेवताय, आणि सांगताय मात्र पगाराचं कारण. बापाचं मन मला कळतं. पण खरं कारण लपवून पोरीशी वाद घालणं मला पटत नाही.

जेम्स लूना नावाचा एक कलाकार होता, कॅलिफोर्नियातल्या लुइसेन्यो या मूळनिवासी जमातीचा. (पोटापाण्याला कॉलेजात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायचा. आमच्याच धंद्यातला.) १९८७ मध्ये सॅन डिएगोच्या मानवशास्त्र संग्रहालयात तो स्वतःच एका पेटीत वाळूवर जाऊन पडला. कमरेला फडकं, आणि अंगावरच्या वणांची माहिती देणाऱ्या पाट्या शेजारी. दुसऱ्या पेटीत त्याचे फोटो, घटस्फोटाचे कागद. लोक पुतळा समजून वाकून बघायचे आणि छाती हलताना दिसली की दचकायचे. तुमच्या सहलीतल्या पोरांना असं एकदा दचकवायला हवं होतं.

आता तुमचा गैरसमज. संग्रहालयातलं काम म्हणजे राखण, असं तुम्ही धरून चालला आहात. क्युरेटर राखणदार नसतो. काय मांडायचं, काय मुळीच मांडायचं नाही, त्याआधी कोणाला विचारायचं आणि खाली पाटीवर काय लिहायचं, हे तो ठरवतो. न्यूझीलंडच्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयात मुख्य अधिकाऱ्याच्या जोडीला माओरी प्रमुख असतो, त्याला ‘काइहाऊतू’ म्हणतात. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून नवे नियम लागू झाले : जमातीच्या पूर्वजांचे अवशेष आणि पवित्र वस्तू त्यांच्या संमतीशिवाय मांडायच्या नाहीत. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने आपली दोन अख्खी दालनं बंद केली, सुमारे १०,००० चौरस फूट जागा. हे काही संग्रहालयांना आपसूक सुचलं नाही. तिथल्या मूळनिवासी लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ते करायला लावलं.

आणि तुमच्याच पत्रातला एक शब्द बघा. आई चौक ‘काढते’ असं तुम्ही म्हटलेलं नाही, ‘लिहिते’ म्हटलंय. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला हा मजकूर संग्रहालयात पोचतो तेव्हा पाटीवर काय येतं? ‘वारली चित्र, पालघर जिल्हा.’ लिहिणारीचं नाव नाही, लग्न लावणाऱ्या धवलेरीने म्हटलेलं गाणं नाही. घरी लिहिणार तुमची आई, आणि तिथे लिहिणार भलताच कोणी.

आपल्याकडे काहीच हललं नाही असं नाही. मध्य प्रदेशात झाबुआकडच्या भिल्ल समाजातल्या भुरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करत होत्या, तिथेच चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रं काढायला सांगितलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ साली उघडलेलं भोपाळचं जनजातीय संग्रहालय आदिवासी कलाकारांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं आहे. लेकीला घेऊन बघून या. मी तिथे हरखतो आणि जरा खट्टूही होतो. आपल्याकडे आदिवासी हाताला भिंत मिळते, ठरवणाऱ्यांच्या बैठकीत खुर्ची क्वचित मिळते. तुमच्या पोरीचा डोळा खुर्चीवर आहे, असं मला वाटतं.

तिलाही एक सांगा. वारली असणं ही पदवी नव्हे. फोटोपुरती पुढे उभी करणारे खूप भेटतील. त्यांच्यासमोर टिकायचं तर शिक्षण पक्कं हवं. इतिहास, मानवशास्त्र किंवा पुरातत्त्व घेऊन पदवी, पुढे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात म्युझियॉलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र, परदेशी जायचं झाल्यास केंद्राची अनुसूचित जमातींसाठीची शिष्यवृत्ती. जागा थोड्या असतात, बऱ्याच कंत्राटी, हेही खरं. तलाठ्याचा अर्ज कुठल्याही पदवीवर भरता येतो, तेव्हा तुमचीही वाट बंद होत नाही.

तिला समजवायचं काम मी घेत नाही. त्याऐवजी तिला एक काम देतो. आजी पुढचा चौक लिहायला बसेल तेव्हा तिने शेजारी बसावं. काय काय लिहिलंय ते विचारावं, आणि यातलं बाहेरच्यांना काय सांगायचं नाही, तेही विचारावं. मग साठ शब्दांत पाटी लिहावी, वरती आजीचं नाव. साठ शब्दांत मावणार नाही, चिडेल, चिडू द्या. ती पाटी तिनेच मला पाठवावी.

आणि त्या सहलीची गोष्ट तिला आजच सांगा, गुरुजी.