अभियांत्रिकीत समग्र अध्यापनावर संशोधन कुठून सुरू करू?
समग्र अध्यापन म्हणजे विषयाचं तंत्र, समाज आणि माणसं यांना जोडून शिकवणं. समजा तुम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला शिकवता, तर आधी एकच विषय आणि एकच वर्ग धरा. सिव्हिलच्या मुलांना मुठा नदीवरचा भिडे पूल अभ्यासाला द्या: खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी वाढलं की तो पाण्याखाली का जातो? यात हायड्रॉलिक्स (पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र) आलं, नदीपात्रातली वाहतूक आली, काठावरच्या वस्त्याही आल्या. मुलं गणितात कुठे अडतात, वस्तीतल्या माणसांशी बोलताना कुठे बिचकतात, ते त्याच दिवशी टिपून ठेवा. खरा डेटा तोच. नुसत्या फीडबॅक फॉर्मवर विसंबू नका, मार्कांच्या धाकाने मुलं चांगलंच लिहितात.

वाचनात २०१४ मधलं २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आधी घ्या. विज्ञान-अभियांत्रिकीच्या निव्वळ व्याख्यानांच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, कृतिशील वर्गात, म्हणजे मुलं स्वतः करून-बोलून शिकतात तिथे, २२. आणि संशोधनात सहभागासाठी विद्यार्थ्यांची लेखी संमती पहिल्याच आठवड्यात घ्या.