विषावरचा उतारा शोधायचाय, पण शिकू काय?

तुझं पत्र दोनदा वाचलं. परळला राहतेस, टीवाय बीएस्सी, विषय लाइफ सायन्सेस. गावाकडच्या मामाने पॅराक्वाट हे तणनाशक प्यायलं, सहा दिवस शुद्धीवर होता आणि गेला. डॉक्टर ऑक्सिजन लावायला कचरले याचा आईला अजून राग आहे. त्यातच मेलाटोनिन या हार्मोनमुळे उंदरांचा या विषापासून बचाव झाल्याचं तू वाचलंस. आता तुला यातच संशोधन करायचंय, आणि बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे.

आधी आईचं. पॅराक्वाट पेशीतला इलेक्ट्रॉन उचलतं, ऑक्सिजनला देतं आणि पुढचा घ्यायला पुन्हा मोकळं होतं. इलेक्ट्रॉन मिळालेला हा ऑक्सिजनच पेशींची नासधूस करतो. फुप्फुसं तर ते ओढून साठवतात. अशा वेळी जादा ऑक्सिजन म्हणजे पेटत्या चुलीवर फुंकर. डॉक्टरांचं कचरणं बरोबर होतं. हे आईला तूच समजावून सांग.

मेलाटोनिन १९५८ मध्ये एरन लर्नर यांनी गाईच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींतून वेगळं केलं. झोपेचं हार्मोन म्हणून आपण ते ओळखतो, पण ते अँटिऑक्सिडंटही आहे, म्हणजे अशी नासधूस रोखणारं. उंदरांवरचे निकाल खरे आहेत. फक्त तिथे औषध बहुधा विषाच्या आधी किंवा लगोलग दिलेलं असतं. मामा दवाखान्यात पोचला तेव्हा किती तास उलटले होते? पॅराक्वाटवर खात्रीचा उतारा आजही नाही, आणि मेलाटोनिनची गोळीही तो नव्हे.

म्हणून ‘हार्मोन’ या शब्दामागे धावत एंडोक्रायनॉलॉजीत शिरू नकोस. तुझा प्रश्न टॉक्सिकॉलॉजीचा, म्हणजे विषशास्त्राचा आहे. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी कर, सीएसआयआर-नेट ही संशोधनासाठीची परीक्षा दे. पीएचडीसाठी लखनऊची सीएसआयआरची विषशास्त्र संस्था डोळ्यांसमोर ठेव. मुंबई सोडावी लागेल, हे घरी आत्ताच बोलून घे. बाबांची काळजी मला रास्त वाटते. त्यांना सांग, नेटमधून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिना ३७,००० रुपये मिळतात. नाहीच मिळाली तर औषध कंपन्यांच्या सुरक्षा-चाचणी विभागांत एमएस्सीवाल्यांना काम असतं. बँकेची परीक्षा तेव्हाही देता येईल.

एक गोष्ट मात्र आधी तपास. या कामात पांढऱ्या उंदराला हातात धरून विष पाजावं लागतं आणि नंतर त्याचं फुप्फुस काढावं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात हात टेकले. तुझ्या सरांना विचारून सुट्टीत एखाद्या फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात चार दिवस काढ. तिथल्या माणसांना विचार, सहा तास उशिरा औषध दिलं तर काय होतं? मग मला पुन्हा लिही.